काळ्या वायरीची टोपी

कंपनीत आधी वायर नव्हती, शिपाईकाका होते.

आंब्याच्या कॅनिंगची कंपनी. गेटाजवळ वजनकाट्याची खोली, तिथे एक कॉम्प्युटर. वर चढावावर ऑफिस, तिथे दुसरा. आंब्याचा ट्रक काट्यावर उभा राहिला की वजन खालच्या कॉम्प्युटरमध्ये जायचं, आणि तिथून एका चौकोनी पातळ फ्लॉपीत. फ्लॉपी प्लास्टिकच्या डबीत घालून शिपाईकाका चढाव चढायचे नि वर नेऊन द्यायचे. मे महिन्यात कातळ तापलेला, डोक्यावर ओला टॉवेल, हातात ती डबी. म्हणायचे, "आंबा येतो ट्रकातून, नि त्याचं वजन येतं माझ्या पायांतून."

मी तेव्हा आत आंबे कापायच्या ओळीत होते. चिकाने माझे हात कोपरापर्यंत उतले. बोटांची सालं निघायची. कोणाला सांगायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होई, म्हणून मी हात पदराखाली लपवून गेटातून बाहेर पडायची. एके दिवशी काकांनी बघितलं. "दाखव गो हात," म्हणाले. मी दाखवले नाहीत. त्यांनी मनगट धरून पदर बाजूला केला, बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून मला ऑफिसच्या साफसफाईला घेतलं. मी त्यांना कधी "उपकार झाले" एवढंसुद्धा म्हटलं नाही. मनात होतं.

मग वायर आली.

चिपळूणहून एक इंजिनियर आला आणि त्याने पाच कॉम्प्युटर एका ओळीत बांधले. जाड, काळी, गोल वायर. ती पहिल्या कॉम्प्युटरच्या पाठीत जायची, तिथून निघून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या, अशी करत भिंतीने खाली उतरून काट्याच्या खोलीपर्यंत. दोन्ही टोकांना पितळी रंगाची अंगठ्याएवढी टोपी. इंजिनियर सगळ्यांना समोर उभं करून म्हणाला, "ही माळ आहे. एक मणी सुटला की माळ गेली. पाचही बंद. कोणी पाय मारायचा नाही, कोणी खुर्ची वायरीवर घ्यायची नाही." सांगताना तो माझ्याकडे आणि माझ्या केरसुणीकडे बघत होता.

त्या दिवसापासून वजन आपलं आपण वर जाऊ लागलं. शिपाईकाकांच्या फेऱ्या थांबल्या. ते स्टुलावर बसून असायचे. ऑफिसातला एक कारकून होता, तोंडाचा फार वाईट. तो येता-जाता विचारायचा, "काय काका, आज किती फ्लॉप्या?" काकाही काही कमी नव्हते. ते म्हणायचे, "बसू दे की मला. तुमची माळ एक दिवस तुटेल, तेव्हा याल ना 'काका, काका' करत."

हे सगळ्यांनी ऐकलं. चहाच्या वेळेला बोललेलं, हसत बोललेलं. पण ऐकलं सगळ्यांनी.

आमच्या कंपनीत सीझनच्या आदल्या रविवारी पूजा असायची. पहिली पेटी यायच्या आधी सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. बॉयलरला, काट्याला, पल्पाच्या मशीनला आणि नंतर नंतर कॉम्प्युटरलासुद्धा. जे जे धातूचं ते घासायचं काम माझं. काट्याची पितळी पाटी, देवाची समई, घंटा, दाराच्या कड्या. घरी आम्ही जशी भांडी घासतो तशीच मी चिंच भिजवून घ्यायची, त्यात थोडी राख.

त्या वर्षी काकांनी मला काट्याच्या खोलीची चावी दिली आणि ते वर मांडव बांधायला गेले. मी खोली झाडली. पाटी घासली. टेबलाच्या मागे वाकले तर वायरीच्या टोकाची ती टोपी दिसली, काळवंडलेली. मला वाटलं, थोड्या वेळाने साहेब इथे कुंकू लावणार, आणि ही अशी मळकी. थोडं दाबून फिरवली तर निघाली. मी ती वाटीतल्या चिंचेच्या कोळात टाकली. भिजू दिली. मग चांगली घासली, आतून बोट जाईना म्हणून काडीला फडकं गुंडाळून आतूनही घासली. पाण्याने धुतली, दगडी बांधावर उन्हात ठेवली. सोन्यासारखी झाली. परत दाबून फिरवून बसवली. मला फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, म्हणून लिहिते.

सोमवारी मुहूर्ताची पेटी आली, नारळ फुटला, आणि मागोमाग ट्रक लागले. राजापूरचे, लांज्याचे, देवरुखचे. पहिल्या ट्रकाचं वजन वर गेलं. दुसऱ्याचं अर्ध्यात अडकलं. मग पाचही कॉम्प्युटर गप्प. परत चालू केले की दोन मिनिटं चालायचे, परत गप्प. वरून मालकांची सक्त ताकीद होती, कॉम्प्युटरची पावती असल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही. दुपारपर्यंत गेटाबाहेर रस्त्याला रांग लागली. ट्रकांवर ताडपत्री, खाली पिकलेला आंबा, वर ते ऊन. संध्याकाळी रांगेतून आंबूस वास यायला लागला, आणि ड्रायव्हर साहेबांच्या आईवरून बोलायला लागले. शेवटी हाताने पावत्या करून माल घेतला, तोवर पाच ट्रक फेकून द्यावे लागले. ओढ्यात ओतले ते.

इंजिनियर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आला. एकेक मणी सोडवत सोडवत तो वरून खाली आला. काट्याच्या खोलीत टेबलामागे गेला, टोपी काढली, उजेडात धरली, आणि नाकाला लावली.

"ह्यात कोणीतरी काहीतरी ओतलंय," तो म्हणाला. "आंबट वास येतोय. आतला भाग हिरवा पडलाय. ही आपोआप अशी होत नाही."

साहेबांनी विचारलं, "ह्या खोलीची चावी कोणाकडे?"

कोणी काही बोलायच्या आधीच कारकून म्हणाला, "कोणाकडे असणार? ज्याचं काम वायरीने खाल्लं त्याच्याकडे. सगळ्यांच्या देखत बोललाय तो, माळ तुटेल म्हणून."

मी दारात उभी होते. मला तेव्हाच कळलं, तो वास माझ्या चिंचेचा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "रविवारी तू होतीस ना इथे? तू कशाला हात लावलास का?"

काका मधेच म्हणाले, "तिला काय विचारताय साहेब? ती मान वर करून चालत नाय. चावी माझी, जबाबदारी माझी. पण मी नाय केलंय हे." मग ते माझ्याकडे वळले. आवाज साधाच होता, घरात विचारतात तसा. "तू कशाला हात लावलावतास काय गो, बाय? लावला असशील तर सांग. माणसाकडून होतं."

एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी मला. फक्त मान हलवायची होती.

मी म्हटलं, "नाय. मी नुसता केर काढला."

साहेबांनी काकांना तिथेच काढलं. पोलिसात देत नाही हे उपकार समज, म्हणाले. मग म्हणाले, कंपनीचा शर्ट कंपनीचा आहे, तो इथेच ठेव. काकांना वाटलं उद्या धुऊन आणून द्यायचा. साहेब म्हणाले, आत्ता. गेटाबाहेर ट्रकांची रांग, ड्रायव्हर, क्लीनर, आंबे कापायला आलेल्या बाया, सगळे बघत होते. काकांनी एकेक बटण सोडलं. वेळ लागला, तर कारकून म्हणाला, "सावकाश, काका, बटण तोडू नका. वायर तोडलीत तेवढी पुरे." शर्टाखाली गंजी होती, पाठीला भोक पडलेली. ते शर्ट घडी करून स्टुलावर ठेवून गेटाबाहेर निघाले. कारकुनाने कपाटातून फ्लॉपीची ती डबी काढून त्यांच्या पाठीमागे रस्त्यावर फेकली. "हा घ्या, तुमचा कॉम्प्युटर राहिला!"

रस्त्यावरचे सगळे हसले. काकांनी डबी उचलली नाही. तसेच गंजीवर एसटीच्या थांब्याकडे गेले.

पुढच्या वर्षी काळी वायर गेली. भिंतीवर एक चपटी पेटी आली, तिला हब म्हणायचे. प्रत्येक कॉम्प्युटरची स्वतःची वेगळी पातळ वायर त्या पेटीपर्यंत, आणि प्रत्येक वायरीपुढे एक हिरवा दिवा. इंजिनियर म्हणाला, "आता माळ नाही. ज्याचं बिघडेल त्याचंच बंद, बाकीचे चालू. आणि कोणाचं बिघडलं ते दिवा सांगेल." दोन्ही टोकांना टोप्याच नव्हत्या. घासायला काही उरलं नव्हतं. मी त्या दिव्यांकडे बघत राहिले. ही पेटी एक वर्ष आधी आली असती तर, असं मी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं, आणि मग रोज म्हणत राहिले, केर काढताना, कपबशा विसळताना.

शिपायाच्या जागी दुसरा माणूस घेतलाच नाही. चाव्या माझ्याकडे आल्या. स्टूलही माझ्याकडे आलं.

त्या पातळ वायरी उंदीर कुरतडायचे. दर वेळी चिपळूणहून यायचा कंटाळा म्हणून इंजिनियरने मलाच शिकवलं. वायरीचं साल काढायचं, आत आठ तारा, त्या सरळ करून ओळीने लावायच्या, काचेसारख्या पारदर्शक प्लगात घालायच्या आणि पक्कडीने दाबायच्या. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. मला दोनदा सांगावं लागलं नाही. शाळेत चौथीपर्यंत पाढे पाठ केले होते तेवढंच माझं पाठांतर, त्यात हे बसलं. कारकून म्हणायचा, "आमच्या इंजिनियरीणबाई! चौथी पास, केरसुणीसकट." मला लाज वाटायची आणि आतून बरंही वाटायचं. काकांच्या स्टुलावर बसून मी प्लग लावायची.

मग हबच्या जागी स्विच आला. इंजिनियरने सांगितलं, हब म्हणजे गल्लीत उभं राहून ओरडणारा माणूस, निरोप एकाचा आणि ऐकतात सगळे. स्विच ज्याचा निरोप त्याच्याच दारात जाऊन देतो. मला ते पटकन कळलं. शिपाईकाका तसेच तर करायचे. मग एका जूनमध्ये विजा झाल्या आणि गेटापासून ऑफिसपर्यंतच्या तांब्याच्या तारेतून वीज वर चढली. तो स्विचही जळला आणि तीन कॉम्प्युटरही. तेव्हापासून चढावावरून काचेची वायर आहे, केसाएवढी. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. तिला प्लग लावणं मला जमत नाही, त्याला वेगळं मशीन लागतं.

ह्या वर्षांत मी कशी झाले तेही लिहिते. माझ्या हाताखाली साफसफाईला एक नवीन बाई आली, नवरा मुंबईला, दोन पोरं, माझ्यासारखीच गप्प. एकदा तिचा झाडू लागून एक प्लग सुटला. काही अडलं नव्हतं, एकच दिवा विझला होता. मी तिला सगळ्यांसमोर स्विचपुढे उभं केलं. "बघ. हा विझलाय ना, हा तुझा. तुझ्यामुळे विझला. लपवायला जागा नाय इथे." ती रडली. मी तिला रडू दिलं. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी तिला काही बोललेही नाही.

यंदा गणपतीआधी मी राजापूरच्या बाजारात गेले होते. एसटी स्टँडवर काका दिसले. पार वाळले होते, हातात काठी. त्यांनीच मला ओळखलं. "काय गो बाय, बरी हायस ना? हात बरे हायत?" म्हणून माझे हात उलटेपालटे करून बघितले. एवढ्यात बाजूने दोन माणसं गेली, त्यातला एक ओरडला, "काय वायरकापे, निघाले का गावाला?" काका हसल्यासारखं करून खाली बघू लागले.

मी विचारलं, "असं काय म्हणतात?"

"नाव पडलंय," ते म्हणाले. "कंपनीतली बातमी माझ्याआधी गावात पोचली. तेव्हापासून वायरकाप्या. पोरग्याच्या लग्नात मुलीकडल्यांनी विचारलं, वायरकाप्याचं घर कुठचं. आता नातवाला शाळेत म्हणतात, वायरकाप्याचा. मी वायर कापली नाय गो. कोणीच कापली नव्हती. पण कंपनीतनं कोणी येऊन एकदा सांगायला हवं होतं, की हा नव्हे. मरायच्या आधी एवढंच."

त्यांची गाडी लागली. मी त्यांना हात देऊन गाडीत चढवलं.

परत आल्यावर मी आताच्या साहेबांकडे गेले. जुने साहेब गेले, कारकूनही गेला, हे साहेब तरुण आहेत, चांगले आहेत, मला मावशी म्हणतात. मी सगळं सांगितलं. टोपी, चिंच, सगळं. आयुष्यात एवढं एका दमात कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी ऐकलं आणि ते हसायला लागले. "मावशी, ती टोपी म्हणजे टर्मिनेटर, तो चिंचेने घासलात? ती केबल मी फक्त कॉलेजच्या पुस्तकात बघितलीय."

मी म्हटलं, "एक कागद द्या साहेब, की त्यांनी नाही केलं."

"कुठला शिपाई? आमच्याकडे कुठे नोंदसुद्धा नाही. आणि काय लिहू? की कंपनीची चूक झाली? सोडा आता, मावशी." मग मी दारातून बाहेर पडतेय तोवर त्यांनी दुसऱ्याला बोलावून सांगितलं, "अरे, ऐक, चिंचेची गोष्ट ऐक." दिवसभर येणारा-जाणारा मला विचारत होता, मावशी, माझा माउस घासून देता का.

म्हणून मी एकटीच काकांच्या गावी गेले. रविवारी, सकाळच्या एसटीने.

काका पडवीत बसले होते. काकी आत. मी चहाला नको म्हटलं आणि उभ्यानेच सांगितलं. काकांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "चिंच?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं. सगळ्यांसमोर. आठवतं?"

"हो."

"मी म्हटलं होतं, माणसाकडून होतं."

मी रडत होते. त्यांनी रडू नको असं म्हटलं नाही. काठी घेऊन उठले, पायात चपला घातल्या. "चल. हे मला सांगून काय उपयोग? मला ठावंच हाय मी केलं नाय. गावाला सांग."

देवळासमोर पालखी ठेवायची दगडी सहाण आहे, तिच्याभोवती रविवारी गावातले पुरुष बसतात. दहा-बाराजण होते. काकांनी मला त्यांच्यासमोर उभं केलं, आणि स्वतः बाजूला काठीवर हात ठेवून ताठ उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना तसं ताठ मी बघितलं नव्हतं. मी बोलायला लागले. आवाज निघेना. एकजण म्हणाला, "जरा मोठ्याने, बाई, इथे कोण खात नाय तुला." मी परत सुरू केलं. वायरीच्या टोकाला टोपी असायची. रविवारी ह्यांनी मला खोलीची चावी दिली, तेव्हा ती मी काढली. चिंचेत घातली. म्हणून सगळे कॉम्प्युटर बंद पडले. ह्यांनी काही केलं नाही.

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. वायरीला कसली टोपी, आणि एक टोपी घासल्याने पाच कॉम्प्युटर कसे बंद पडतील, हे त्यांना पटेना. त्यांच्या घरात आता कॉम्प्युटर आहेत, वायरीच नाहीत. मी माळेचं सांगितलं, मणी सुटतो ते सांगितलं. ते आणखीच हसले.

मग त्यातला वयाने मोठा म्हणाला, "ते जाऊ दे. तू कोण ह्याची?"

"कंपनीत एकत्र कामाला होतो."

"एकत्र," तो म्हणाला, आणि बाकीच्यांकडे वळला. "एवढ्या वर्षांनी एसटीतनं येऊन रडते त्याच्यासाठी. चावीपण हिच्याकडेच द्यायचा म्हणते. काय वायरकापे, रविवारी बंद खोलीत काय घासत होतात दोघं?"

सगळे हसले. सहाणेवर हात आपटून हसले. मी काकांकडे बघितलं. ते ताठ होते ते हळूहळू वाकले. मला म्हणाले, "जा तू." मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाले, "तेव्हा बोलायचं होतंस गो. आता नको बोलू."

मी एकटी थांब्यावर आले. गाडीला अजून वेळ होता. थोड्या वेळाने काकी चालत आल्या, पदर डोक्यावर घेतलेला, धाप लागलेली. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत.

"त्या नावाची सवय झालीवती आम्हाला," त्या म्हणाल्या. "पोराला, सुनेला, नातवाला. सगळ्यांना झालीवती. आता हे नवीन कुठनं आणलंस?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.